कोंडलेल्या कोंबडीला काम द्या



ऊस विकास अधिकाऱ्याने कोंबड्यांवर लेख लिहावा, याचे काही सभासदांना हसू येईल. आमच्या खात्याचा संबंध बेणे, लागण, खोडवा, पाचट आणि एकरी टनेज यांच्याशी. परंतु नोंदीसाठी वस्त्यांवर फिरताना उसाचा प्लॉट नंतर लागतो. आधी लागतो तो गोठा आणि गोठ्याला लागून असलेले कोंबड्यांचे खुराडे. मालक रानातून येईपर्यंत पाच-दहा मिनिटे तिथेच उभे राहावे लागते. त्या उभे राहण्यातून जे दिसले ते लिहितो आहे. मत माझे स्वतःचे आहे, संचालक मंडळाचा तो ठराव नव्हे.

आमच्या लहानपणी आपल्या भागात कोंबड्या कोंडण्याचा प्रश्नच नव्हता. सकाळी डालगे उचलले की त्या मोकळ्या. उकिरडा, खळे, कडब्याची गंज, बांध असे दिवसभर फिरून तिन्हीसांजेला आपण होऊन घरी येत. दाणा टाकायचा तो घराची ओढ राहावी म्हणून मूठभर. आज जोंधळा कमी झाला, म्हणून खळे राहिले नाही. ऊस दारापर्यंत आला. को ८६०३२ असो नाहीतर फुले २६५, मोठी बांधणी होऊन ऊस डोक्यावर गेला की त्यात शिरलेली कोंबडी परत येईल याची खात्री नाही. मुंगूस आहे, रानमांजर आहे, भटकी कुत्री आहेत, आणि काही तालुक्यांत तर उसात बिबट्याच राहायला आला आहे. म्हणून घराघरांतून बायकांनी जाळी मारून कोंबड्या आत घेतल्या. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. ऊस वाढवा म्हणून सांगत फिरणाऱ्यांत मी स्वतः होतो.

याच काळात कोंबडीची जातही बदलली. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देऊन खुडूक बसायची. आता हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने काढलेल्या वनराज, ग्रामप्रिया अशा जाती आपल्या वस्त्यांवर पोचल्या आहेत. ग्रामप्रियाला खाद्य व निगा नीट मिळाली तर ती वर्षाला दोनशेच्या घरात अंडी देते. त्यासाठी आपण पोत्यातले तयार खाद्य आणतो, पाण्याचे भांडे ठेवतो, लस टोचतो. पोट भरण्याची सगळी सोय केली. तरीही खुराड्यात भांडणे का, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

दोन वर्षांपूर्वी पूर्वहंगामी लागणीच्या नोंदीला एका वस्तीवर गेलो होतो. घरामागे पाच बाय सहा फुटांचे खुराडे, आत सोळा ग्रामप्रिया तलंगा, नुकत्याच अंड्यावर आलेल्या. निम्म्या कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडलेल्या, एकीच्या शेपटाखाली जखम. वहिनी म्हणाल्या, "साहेब, ह्या कोंबड्या येड्या झाल्यात बघा. एकमेकीला टोचून खात्यात. दोन मेल्या. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला, त्यो म्हणाला रोग न्हाई." तेवढ्यात सभासद आले. ते म्हणाले, "आठवड्याच्या बाजारात सगळ्या इकून टाकतो. कटकट मिटंल." त्यावर वहिनींनी जे उत्तर दिले ते मी विसरलेलो नाही. "इका की. मग पोरीच्या वह्यापुस्तकाला तुमच्या बिलाची वाट बघत बसते."

उसाचे बिल सभासदाच्या नावाने बँकेत जमा होते आणि त्यातून आधी सोसायटीचे कर्ज वळते होते. अंड्याचे पैसे बाईच्या हातात पडतात, आणि आठवड्याच्या आठवड्याला पडतात. ते कुठल्या उताऱ्यावर चढत नाहीत. आपल्या घरात खुराडे कोणाच्या नावावर आहे हे कुणी विचारत नाही, पण ते कोणाचे आहे हे सर्वांना माहीत असते. म्हणूनच कोंबड्यांची टोचाटोची ही मला पोरखेळाची बाब वाटत नाही.

त्याच संध्याकाळी तोडणीचा फड बघून परतताना बीडकडच्या टोळीच्या कोप्यांपाशी गाडी थांबवली. मुकादमाशी बोलताना सहज लक्ष गेले. कोपीभोवती सात-आठ कोंबड्या फिरत होत्या. ऊसतोड कामगार गावाकडून निघताना शेरडू, कुत्रे आणि कोंबड्याही गाडीत घालून आणतात, हे आपण दर हंगामात बघतो. या कोंबड्यांना पोत्यातले खाद्य कुठले? पाचट उकरून किडा काढायचा, वाढ्याच्या ढिगाखालून गोगलगाय काढायची, चुलीपाशी सांडलेले भाकरीचे तुकडे वेचायचे. अंगाने किरकोळ, पण एकीचेही पीस उपटलेले नव्हते. बंगलीवजा घरामागच्या खुराक खाणाऱ्या कोंबड्यांच्या पाठी उघड्या आणि पालातल्या कोंबड्या अंगभर पिसांच्या! घरी येईपर्यंत डोक्यात हाच विचार होता.

कोंबडी मुळात रानातली. रानकोंबडा दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ जमीन टोचण्यात आणि उकरण्यात घालवतो. आपण तिला घरात आणून हजारो वर्षे झाली, अंडी वाढवली, रंग बदलले, पण टोचायची भूक गेली नाही. ही भूक पोटाच्या भुकेहून वेगळी आहे. दाणा पुढ्यात फुकट ठेवला असतानाही कोंबडी काही दाणे कष्ट करून मिळवते, असे संशोधकांना दिसून आले आहे. खुराड्यात भांडेभर खाद्य ती थोडक्या वेळात संपवते आणि उरलेला दिवस चोचीला काम नसते. समोर काय आहे? शेजारणीचे पीस. एकदा रक्ताचा लाल ठिपका दिसला की सगळ्या तिकडेच धावतात.

युरोपातील देशांनी १९९९ साली याबाबत नियम केला आणि १ जानेवारी २०१२ पासून उघडेबोडके जुने पिंजरे तिथे बंद झाले. पिंजरा ठेवायचाच असेल तर त्यात टोचायला व उकरायला काहीतरी पसरलेले असलेच पाहिजे, असे त्या नियमात आहे. आपल्याला सोळा कोंबड्यांसाठी कायद्याची गरज नाही. कोबीचा एक गड्डा पुरे.

मी त्या वहिनींना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, जागा वाढवा. कोंबडीमागे निदान २ चौरस फूट जागा पाहिजे आणि दिवसभर कोंडायचे असेल तर त्याहून जास्त. सभासदांनी कुरकुरत का होईना, जाळी पुढे सरकवून दिली. दुसरी, उसात आंतरपीक म्हणून लावलेल्या कोबीचा एक गड्डा देठात तार घालून मध्यभागी टांगा. पहिल्या दिवशी कोंबड्या बुजल्या, कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. वहिनींना वाटले साहेबांचे डोके फिरले. दुसऱ्या दिवशी एकीने मान लांब करून टोचले. गड्डा हलला, तशी ती दचकली, आणि पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गड्ड्याचा सांगाडा उरला होता. पंधरवड्याने गेलो तेव्हा पाठीवर नवी पिसे फुटू लागली होती. सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. एक कोंबडी काही केल्या सुधारली नाही, तिला वेगळे ठेवावे लागले. जखमी कोंबडी जखम भरेपर्यंत वेगळीच ठेवायची असते, हेही त्या घरात उशिरा कळले.

हा प्रकार मी एका गटाच्या मेळाव्यात सांगितला तेव्हा एक जुने सभासद उठून म्हणाले, "साहेब, हितं माणसाला करमणूक न्हाई, आन् कोंबडीची करमणूक कसली सांगताय?" सगळे हसले, मीही हसलो. पण करमणूक म्हणजे काय ते तरी बघा. नव्याने सासरी गेलेली पोर फोनवर सांगते, करमत नाही. तिला जेवण मिळत नाही असे तिचे म्हणणे नसते. हात रिकामे आहेत, ओळखीचे काही नाही, दिवस जात नाही, एवढेच ती सांगते. कोंबडीला बोलता येत नाही, म्हणून ती शेजारणीचे पीस उपटते. बैल दावणीला नुसता बांधून ठेवला तर तो खुंटा चाटतो, हे त्या सभासदांनाही माहीत आहे.

काही जण चोच कापून आणण्याचा सल्ला देतात. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांचा हिशोब वेगळा असेल, त्यांच्याकडे हजारो पक्षी असतात. घरच्या दहा-वीस कोंबड्यांची चोच कापणे मला पटत नाही. चोच हे तिचे हात आहेत, आणि त्या टोकाला जीव असतो, ते नखासारखे नाही.

आता टांगायचे कसे ते सांगतो. कोबी, फ्लॉवरचा पाला, मेथीची किंवा मुळ्याच्या पाल्याची जुडी, लसूणघासाची पेंडी, यांपैकी जे हाताशी असेल ते कोंबडीला मान उंच करून टोचावे लागेल एवढ्या उंचीवर टांगा. उडी मारायला लावू नका. ग्रामप्रिया-वनराज अंगाने जड, आदळून पाय दुखावतात. एकाच ठिकाणी टांगले तर खुराड्यातली दांडगी कोंबडी पहारा करते आणि गरीब कोंबड्यांना जवळ येऊ देत नाही. म्हणून लांब लांब दोन-तीन ठिकाणी टांगा. नायलॉनची दोरी अजिबात नको. धागा सुटला की कोंबडी तो गिळते आणि गळ्याखालच्या पिशवीत त्याचा गोळा होतो. टोक आत वाकवलेला जाड तारेचा आकडा बरा. लांब गवत, लांब पात्याचा घास यांचाही असाच गोळा होऊ शकतो, तेव्हा पसरून घालायचा घास बारीक कुट्टी करूनच घाला. पेंडी टांगली की कोंबडी स्वतः तोडून खाते, ते चालते. कोंबडीला दात नसतात, पोटातल्या खड्यांनी ती दळते. मोकळ्या कोंबडीला खडे आपोआप मिळतात. कोंडलेलीला बारीक खड्यांची वाटी ठेवावी लागते, आणि ही गोष्ट दहापैकी नऊ घरांत कोणी करत नाही.

काकडी, दुधी, लाल भोपळा उभा चिरून ठेवला तर त्या आतला गर कोरत बसतात. उन्हाळ्यात कलिंगडाची साल म्हणजे त्यांची चैनच. रोज एकच वस्तू टांगू नका, चार दिवसांनी त्यांचे लक्ष उडते. पालक अधूनमधून ठीक, रोज नको, कारण त्यातल्या आम्लामुळे चुना अंगी लागत नाही आणि अंड्याच्या कवचाला चुनाच लागतो. हिरवट पडलेल्या बटाट्याची साल, बटाट्याचा व टोमॅटोचा पाला, बुरशी आलेली भाकरी किंवा शेंगदाण्याची पेंड यांतले काहीही घालू नका. बुरशीचे विष कोंबडीच्या यकृतावर जाते.

किती घालावे, यावर बायका हमखास चुकतात, कारण कोंबड्या आवडीने खातात हे बघून माया सुटते. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. कोबीत शंभर भागांतले नव्वदहून अधिक भाग पाणीच. त्याने पोट भरले तर खाद्य कमी जाते आणि दहा दिवसांनी अंडी घटतात. मग दोष माझ्यावर! खाद्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भाजीपाला पुरे. सकाळी आधी खाद्य, दुपारी भाजी, आणि दिवस मावळायच्या आत उरलेले बाहेर काढून उकिरड्यावर टाका. रात्री तसेच ठेवले तर उंदीर येतात, आणि उंदरामागे कोण येते हे वस्तीवर राहणाऱ्यांना सांगायला नको.

पाचटाचाही इथे उपयोग आहे. पाचट जाळू नका म्हणून आम्ही घसा कोरडा करतो, ते रानासाठी. त्यातलेच कोरडे पाचट कुट्टी करून खुराड्यात चार बोटे जाड पसरा आणि त्यात मूठभर ज्वारी किंवा गव्हाची खळणी टाका. एकेक दाणा शोधत कोंबड्या तासन् तास उकरत राहतात. पाचट ओले झाले की मात्र लगेच बदला. ओल्या पाचटात तीच बुरशी येते.

एक अट मी सर्वांत महत्त्वाची मानतो, आणि तिच्यामागे माझी स्वतःची चूक आहे. नोकरीला लागलो तेव्हा मी शेतकी मदतनीस होतो. हुमणी आणि खोडकिडीसाठी लागणीत दाणेदार फोरेट टाका, असे घरोघर सांगणे हे काम होते. एका वस्तीवर मी पुडे पोचते करून पुढच्या वस्तीला गेलो. दाणे सरीत टाकून मातीआड करायचे, हे सांगितले होते की नाही, मला आज आठवत नाही. त्यांनी सरीत वरच टाकले. त्या घरी एक म्हातारी होती, तिच्या नऊ कोंबड्या. दिवस मावळायच्या आत नऊच्या नऊ बांधाला आडव्या पडल्या. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा आजी रागावली नाही. "दाणं म्हणून खाल्लं रं त्यांनी," एवढेच म्हणाली. पक्ष्याला औषधाचा दाणा आणि धान्याचा दाणा यांतला फरक कळत नाही, हे पदविकेला शिकलेलो होतो. ते त्या दिवशी समजले. त्या कोंबड्यांचे पैसे मी दिले नाहीत. पगार बेताचा होता हे खरे, पण द्यायला पाहिजे होते. फोरेटची विक्री व वापर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. दुसरी दाणेदार औषधे मात्र अजून रानात पडतात. ती मातीआड झाल्याशिवाय त्या रानात कोंबडी सोडू नका, आणि पुड्याला चिकटलेले दाणे अंगणात झटकू नका.

त्यामुळे अट अशी की, फवारलेल्या रानातला पाला खुराड्यात न्यायचा नाही. हिवाळ्यात कोबी-फ्लॉवरचा भाव पडला की आपण उभ्या पिकात रोटर फिरवतो. वाईट वाटते म्हणून त्यातले दोन गड्डे कोंबड्यांना टाकण्याचा मोह होतो. टाका, पण शेवटची फवारणी कधी झाली हे आधी मालकाला विचारा. बाटलीवर लिहिलेले काढणीपूर्वीचे दिवस उलटून गेले असतील तरच टाका. ते दिवस माणसासाठी लिहिलेले असतात, आणि कोंबडीने खाल्लेले अंड्यातून पुन्हा माणसाच्याच ताटात येते.

याहून सोपा मार्ग म्हणजे मोरीच्या सांडपाण्यावर दोन वाफे. एक लसूणघासाचा. तो एकदा पेरला की तीन-चार वर्षे टिकतो आणि महिन्याला कापायला येतो. दुसऱ्यात मेथी, मुळा, कोथिंबीर. कडेला एक शेवगा. लसूणघास आणि शेवग्याच्या पाल्याने अंड्याचा बलक गडद पिवळा होतो, गिऱ्हाईक तो बघूनच गावरान अंड्याला चढा दर देते. एवढ्या जागेत उसाचा एक टनही निघत नाही. ऊस विकास अधिकारी म्हणून मी हे लिहू नये कदाचित, पण मोरीपर्यंत सरी ओढू नका. तेवढे रान बाईकडे राहू द्या.

आडसाली नोंदीला जुलैपासून आम्ही वस्त्यांवर येऊ. सातबारा, आधार, पाण्याची सोय हे नेहमीप्रमाणे बघूच. मालक रानात असले तरी चालेल, वहिनींनी खुराडे दाखवावे. आत काय टांगले आहे ते बघून मगच चहा घेईन.

आपला,
ऊस विकास अधिकारी